सव्वादोन इंचांचे नाक

ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटी नावाच्या गावात मी गेली चार वर्षे एक पिकअप ट्रक बाळगून आहे. 'बाळगून' हा शब्द मी विचारपूर्वक लिहिला आहे, कारण 'वापरतो' असे म्हटले की बायको हसते. ट्रक घेताना मी तिला २०१७ सालच्या हार्वे वादळाची आठवण करून दिली होती. त्या ऑगस्टमध्ये आमच्या भागातल्या रस्त्यांचे कालवे झाले होते आणि उंच गाड्या असलेल्या लोकांनी कितीतरी जणांना घराबाहेर काढले होते. हे सारे खरे आहे. मी त्या कारणासाठी ट्रक घेतला, एवढेच काय ते खरे नाही. फोर्डची एफ मालिका १९७७ पासून अमेरिकेत ट्रकांच्या खपात पहिली आहे, आणि टेक्ससमध्ये दहा वर्षे छोट्या सेडानमधून हिंडलेल्या माणसाला प्रत्येक सिग्नलवर आपण कोणाच्या तरी बंपरच्या सावलीत आयुष्य काढत आहोत असे वाटू लागते. तेव्हा त्याच मालिकेतला एफ-१५० दारात आला आणि तीन वर्षे सुखात गेली.

मग एका रविवारी समोरचा शेजारी हातात कॉफीचा पेला घेऊन आला, ट्रकच्या बगलेला उभा राहून त्याने मान थोडी वाकडी केली आणि "अजून लेव्हल नाही केलास?" असे विचारले. आपल्याकडे "अजून मुंज नाही केलीत?" असे ज्या सुरात विचारतात, तोच सूर. मी "करायचंच आहे" असे सांगून वेळ मारून नेली आणि तो गेल्यावर त्याच जागी उभे राहून तशीच मान वाकडी करून पाहिले. माझ्या ट्रकचे नाक खाली होते. मागचा भाग ऐटीत वर आणि पुढचा भाग, बैलाने जू खांद्यावर घ्यायला मान झुकवावी तसा, जमिनीकडे. ही गोष्ट तीन वर्षे माझ्या ध्यानात आली नव्हती आणि त्या दिवसापासून मला दुसरे काही दिसेना.

यात दोष काहीच नाही, हे मला वाचनाअंती कळले. पिकअप मुळात ओझ्यासाठी जन्मतो. मागच्या हौद्यात सामान भरले किंवा मागे ट्रेलर जोडला की मागची बाजू खाली बसते. म्हणून कारखान्यातूनच ती दोनेक इंच वर ठेवतात, जेणेकरून भरलेला ट्रक सपाट उभा राहील. अर्थात ज्याचा ट्रक कायम नाक खाली घालून उभा असतो, त्याच्या हौद्यात कधीच काही नसते, हे सगळ्या गल्लीला न विचारता समजते. पुढची बाजू उचलून ही चुगली बंद करण्याच्या साहित्याला लेव्हलिंग किट म्हणतात.

आता हे किट निवडायचे कसे? सर्वांत स्वस्त किट म्हणजे ॲल्युमिनियमची एक जाड चकती. थालीपीठाला तेल सोडण्यासाठी बोटाने भोके पाडतात तशी तिला बोल्टांसाठी भोके असतात, आणि ती शॉकअपच्या डोक्यावर, शॉकअप आणि चासी यांच्या मध्ये बसवतात. दुसऱ्या प्रकारात चकती स्प्रिंगच्याच वर बसते आणि स्प्रिंगला आणखी दाबून धरते. त्यासाठी ती दाबलेली स्प्रिंग आधी शिकंज्यात आवळावी लागते आणि ती निसटली तर समोरच्या माणसाची गाडीची हौस कायमची फिटते. तिसरा मार्ग म्हणजे शॉकअपच बदलायचे. बिलस्टीनच्या ५१०० या शॉकअपांच्या अंगावर खाचा असतात. आरामखुर्चीचा दांडा ज्या खाचेत अडकवावा तितकी पाठ वर येते, तशी ज्या खाचेत स्प्रिंगला टेकू देणारी कडी बसवावी तितके नाक वर येते. त्याच्याही पुढे कॉईलओव्हर नावाचा प्रकार आहे, पण त्याची किंमत पाहून मी संगणकावरची ती खिडकी बायको खोलीत येण्याआधी बंद केली.

याच सुमारास सासरे सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले. ते एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले. त्यांनी पहिल्याच सकाळी चहा घेता घेता ट्रकखाली वाकून पाहिले आणि लहानपणीचा मित्र भेटावा तशा आनंदाने म्हणाले, "अहो जावईबापू, मागे पाटेच आहेत की! आपल्या लाल डब्याला असतात तसले!" त्यांनी पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, मोजले, बुश दाबून पाहिले, आणि मी नाकाची व्यथा सांगितल्यावर क्षणभर माझ्याकडे पाहून म्हणाले, "पाटे भरलेल्या गाडीसाठी केलेले असतात. तुम्ही ती रिकामी हिंडवता, त्याला पाट्यांनी काय करावं?"

मी तो विषय तिथेच सोडला आणि त्यांना गणिताकडे वळवले. मला एक कोडे सुटत नव्हते. दोन इंच उचलणाऱ्या किटमधली चकती जेमतेम एक इंच जाडीची होती, आणि मी आठवडाभर ती फसवणूक समजत होतो. सासऱ्यांनी मला न्हाणीघराच्या दारापाशी नेले, बिजागरीजवळ दार एका बोटाने ढकलले आणि दुसऱ्या हाताने कडीकडे बोट दाखवले. "इथं एक इंच हललं की तिथं किती हलतं? शॉकअप चाकावर उभा नसतो. चाकाला धरणाऱ्या दांडीच्या मधोमध उभा असतो." दारामागून सासूबाईंनी कोण आहे म्हणून विचारले आणि आमचा वर्ग तिथेच संपला.

गणित सुटले तरी धास्ती वाढली. नाक वर गेले की वरच्या दांडीचा बॉल जॉइंट, म्हणजे गोळ्यावर फिरणारा सांधा, आणि पुढच्या चाकांना फिरवणारे ॲक्सल तिरक्या कोनात काम करू लागतात, आणि जितके जास्त उचलावे तितके त्यांचे आयुष्य कमी. चाकांची अलाईनमेंट नव्याने करावी लागते, नाहीतर टायर एकाच बाजूने झिजतात. हेडलाइटचा झोत वर जातो आणि समोरच्याच्या डोळ्यांत बसतो. किट विकणाऱ्याला मी वॉरंटीबद्दल विचारले, तर त्याने मला १९७५ सालचा मॅग्नुसन-मॉस कायदा ऐकवला: बाहेरचा भाग बसवला एवढ्याच कारणाने वॉरंटी नाकारता येत नाही, त्या भागामुळेच बिघाड झाला हे दाखवावे लागते. त्याने तो इतक्या सराईतपणे ऐकवला, की हा प्रसंग त्याच्यावर वारंवार येत असावा अशी शंका मला आली.

मापे घेण्याचे काम सर्वांत अवघड ठरले. केटीची जमीन पोळपाटासारखी सपाट आहे, पण पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून प्रत्येक घरासमोरचा उतार मात्र रस्त्याकडे कलता. त्यामुळे शनिवारी सकाळी सात वाजता मी आणि सासरे एका किराणा दुकानाच्या रिकाम्या वाहनतळावर, त्यातल्या त्यात सपाट कोपरा शोधून, गुडघ्यांवर बसलो. माप जमिनीपासून घ्यायचे नसते, कारण टायरमधली हवा कमीजास्त असू शकते. चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या काठापर्यंत घ्यायचे असते. सासऱ्यांनी टेप धरली आणि मी वाचले: पुढे २१ इंच, मागे सव्वातेवीस. ते म्हणाले, "लिहा, दोन इंच दोन सूत." इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत, हे माप मी अमेरिकेत वीस वर्षांत उच्चारलेले नव्हते. तेवढ्यात ढकलगाडी घेऊन आलेल्या एका आजीबाईंनी मदत हवी का म्हणून विचारले, आणि सासऱ्यांनी मराठीत "नाही, नाही, जावयाचं काम चाललंय" असे सांगितल्यावर त्या समाधानाने निघून गेल्या.

फरक सव्वादोन इंच, म्हणजे किट सव्वादोन इंचांचे घ्यावे, असे कोणीही म्हणेल. पण रिकामा ट्रक तंतोतंत सपाट केला, तर सामान भरल्यावर मागची बाजू बसणार आणि नाक आकाशाकडे जाणार. मुद्दाम तशी करून घेतलेली नाकवर गाडी हा अमेरिकेच्या दक्षिणेकडे एक शौक आहे आणि त्यात चालकाला समोरचा रस्ता धड दिसत नाही. नॉर्थ कॅरोलिनाने तर २०२१ मध्ये पुढचा पत्रा मागच्यापेक्षा चार इंच किंवा अधिक उंच करायला बंदी घातली. मी त्या मर्यादेच्या आसपासही जाणार नव्हतो. पण एकदा भीती शिरली की ती सुतासुताने वाढते. सव्वादोनवरून मी दोनवर आलो, दोनवरून दीडवर, आणि दीडवर बायकोने विचारले, "म्हणजे पाऊण इंच नाक खालीच राहणार ना? मग आत्ता आहे ते काय वाईट आहे?" या प्रश्नाला उत्तर नसल्यामुळे मी त्याच रात्री दीड इंचाचे किट मागवून टाकले.

खोके आले ते गणपतीच्या आदल्या आठवड्यात, आणि बसवायला सवड नाही म्हणून गॅरेजमध्ये मखराच्या थर्माकोलवर ठेवले गेले. शनिवारी सकाळी मंडळाच्या कार्यकर्त्याचा फोन आला. भाड्याच्या गोदामातून सभागृहापर्यंत सामान न्यायचे होते आणि मंडळात ट्रक असलेला मी एकटाच होतो. साठ लोखंडी घडीच्या खुर्च्या, व्यासपीठाच्या चार फळ्या, दोन ध्वनिवर्धक आणि पाण्याच्या बाटल्यांची खोकी हौद्यात चढली. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर लिहिलेला भार ओलांडत नाही ना, हे मी दोनदा वाचले. चार वर्षांत ती पट्टी वाचण्याची ही पहिलीच वेळ होती. मागचे पाटे एक बारीक कुरकुर करून बसले.

सभागृहापाशी मी खाली उतरलो, सवयीने ट्रकच्या बगलेला गेलो, मान वाकडी केली आणि तसाच थांबलो. सासऱ्यांनी खिशातून टेप काढली (ती त्यांच्या खिशात का होती, हे मी विचारले नाही) आणि चाकापाशी बसून वाचले: पुढे एकवीस, मागे एकवीस इंच एक सूत. ट्रक एका रेषेत, मान ताठ करून उभा होता. मी पुढून फोटो काढला, बाजूने काढला, मग उन्हाची तिरीप टाळून पुन्हा बाजूने काढला. पायऱ्यांवर सात-आठ कार्यकर्ते खुर्च्यांची वाट पाहत उभे होते आणि आतून कोणीतरी सनईची तबकडी तिसऱ्यांदा लावली होती.

सासऱ्यांनी पहिली खुर्ची हातात धरली आणि माझ्याकडे वळून विचारले, "जावईबापू, उतरवायच्या, की अशाच घरी न्यायच्या?"