वारसा कर: घाबरायचं कोणी?

वारसा कर, म्हणजे कोणी गेल्यावर वारसांना मिळणाऱ्या मालमत्तेवरचा कर. त्याचं नाव काढलं की पुण्यात सगळ्यात आधी घाबरतो तो एकुलता एक फ्लॅट असलेला माणूस. २०२४ च्या निवडणुकीत काँग्रेसचे सॅम पित्रोदा अमेरिकेतल्या या कराबद्दल बोलले, आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर 'बापाचं घर सरकारजमा' इथपर्यंत मजल गेली. अमेरिकेत तेव्हा १ कोटी ३६ लाख डॉलरपर्यंत केंद्राचा हा कर लागतच नव्हता. ग्रुपवर तेवढी इस्टेट कोणाची आहे? असल्यास मेंटेनन्स वेळेवर भरा.

आता हिशोब बघा. कोथरूडला कर्ज काढून ८० लाखांचा फ्लॅट घेणारा ७ टक्के स्टॅम्प ड्युटी भरतो, म्हणजे ५ लाख ६० हजार. बाईच्या नावावर घेतला तर एक टक्का कमी. वर ३० हजार नोंदणी फी. आणि वाडा बिल्डरला देऊन ज्यांच्या घरात चार फ्लॅट आले, त्यांच्या मुलाला ते वडिलांच्या पश्चात मिळतात तेव्हा स्टॅम्प ड्युटी नाही, आयकर नाही. विकले तरच काय तो कर. मीही आजोबांनी घेतलेल्या जागेतच राहतो, त्यामुळे पोटदुखी म्हणू नका.

आपल्याकडे हा कर होता की! १९५३ पासून इस्टेट ड्युटी. पुढे २० लाखांच्या वरच्या भागाला दर ८५ टक्क्यांवर गेला. एवढा दर लावला की लोक भरत नाहीत, पळवाटा शोधतात. १९८५ मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी तो रद्द केला तेव्हा वर्षाची वसुली होती जेमतेम २० कोटी.

माझं म्हणणं, वारलेल्या माणसाच्या अख्ख्या इस्टेटीवर कर नको, प्रत्येक वारसाच्या वाट्यावर हवा. जर्मनीत मुलाला आई आणि वडील दोघांकडून प्रत्येकी ४ लाख युरोपर्यंत माफी आहे. राहतं घरही, मुलगा त्यात दहा वर्षं राहिला तर, २०० चौरस मीटरपर्यंत सुटतं. आपण दर वारसाला पाच कोटी माफ करू, वर १० टक्के. कसणाऱ्याची शेतजमीन वगळा. बाणेर-वाघोलीसारखी ती बिल्डरकडे गेली की त्या व्यवहारातून कापा.

जर्मनीचं एक मात्र उचलू नका. वारशाने आलेली कंपनी चालू ठेवली की तिथे ८५ टक्के, कधी पूर्ण सूट मिळते आणि सगळ्यात मोठे वारसदार त्यातून निसटतात. तसली सूट इथे आली, तर या कराच्या विरोधात मीच पहिली पोस्ट टाकेन.