रासप, अंदाज आणि ‘एक जाणकार’

नमस्कार. आपण नाव न लिहिता ‘एक जाणकार’ अशी सही केली आहे, म्हणून त्याच नावाने हाक मारतो. घरी इलेक्ट्रिक गिटारची बॉडी कोरण्याबद्दल मी लिहिलं, त्यावरची आपली प्रतिक्रिया इथे जशीच्या तशी देतो. मी पदरचं काही घातलं असं व्हायला नको. (नवख्यांसाठी: रासप म्हणजे जाड दात्यांची लाकडाची कानस, सीएनसी म्हणजे संगणकाने चालणारं कोरायचं यंत्र, नेक म्हणजे गिटारची मान.)

“रासपने अंदाजपंचे खरवडून वाद्य होत नसतं, फार तर भिंतीवर टांगायची शोभेची वस्तू होते. सीएनसीवर हेच काम मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत अचूक होतं. सागवान जड आणि तेलकट, सांधा टिकणार नाही. फोटोत नेकच्या खाचेशी फट दिसते आहे. धुळीपासून काय काळजी घ्यावी याबद्दल एक अक्षर नाही. हौशी लोकांनी असे धडे देऊ नयेत.”

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळं त्याच सुरात लिहिलेलं आहे. मी कुणाला धडे दिले नव्हते. मी काय केलं आणि कसं केलं, एवढंच सांगितलं होतं. मतभेदाला माझी कधीच ना नाही. याच लेखाखाली एका वाचकाने पिकअपच्या (तारांचं कंपन टिपणाऱ्या भागाच्या) खाचेच्या खोलीवरून मला चांगलं धारेवर धरलं आहे, आणि मी त्यांचे आभार मानले आहेत. त्यांनी मुद्दा मांडला होता. आपण निकाल दिलात.

आता ‘अंदाजपंचे’बद्दल. या वाक्यावर मी जरा रेंगाळणार आहे, माफ करा.

बॉडीचा बाहेरचा आकार रासपने काढलेला नाही, हे लेखात स्पष्ट आहे. आधी बारा मिलिमीटरच्या एमडीएफचं, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या फळीचं, टेम्प्लेट (साचा) केलं, त्याची कड हात फिरवला तरी कुठे अडखळणार नाही इतकी घासली. मग जिगसॉने लाकूड रेघेच्या दोन-तीन मिलिमीटर बाहेरून कापलं आणि बेअरिंगच्या बिटाने (पात्याने) टेम्प्लेटला चिकटून राऊटर, म्हणजे फिरत्या पात्याचं लाकूड कोरायचं हत्यार, फिरवला. बॉडीच्या शिंगांच्या टोकाशी लाकडाची रेष, म्हणजे तंतू, आडवी येते. तिथे बिट हावरटपणा करून ढलपा उपटतं, म्हणून एका फेरीत चार-पाच मिलिमीटरपेक्षा खोल जायचं नाही. यात अंदाज कुठे आला?

इलेक्ट्रिक गिटारच्या बॉडीत खरी अचूकता मोजक्या ठिकाणी लागते. मध्यरेषा, नेकची खाच आणि नटपासून (नेकच्या टोकाशी तारा टेकतात ती पट्टी) ब्रिजपर्यंतचं (बॉडीवरचा तारांचा आधार) अंतर. हेच अंतर, म्हणजे स्केल, माझी ६४८ मिलिमीटरची, म्हणजे बारावा फ्रेट (नेकवरची धातूची आडवी पट्टी) नटपासून बरोबर ३२४ वर. तार फ्रेटवर दाबली की ताणली जाते आणि सूर किंचित चढतो, म्हणून सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) ६४८ च्या थोडं मागे न्यावं लागतं, जाड तारेचं जास्त. याचाच अर्थ असा की, ब्रिजमध्येच काही मिलिमीटर पुढे-मागे करायची सोय मुद्दाम ठेवलेली असते. आपला तो दहावा हिस्सा तिथे स्क्रूड्रायव्हरने मिळतो. आणि नेकची खाच तर मी मोजलेलीच नाही. नेक मध्यरेषेवर ठेवला, दोन्ही बाजूंना एमडीएफच्या पट्ट्या अगदी भिडवून दुहेरी टेपने चिकटवल्या, नेक उचलला आणि त्या पट्ट्यांच्या आधाराने राऊटर चालवला. खाच नेकच्या मापाची होते, कागदावरच्या आकड्याच्या नव्हे.

मग रासप कशाला? पोटाला टेकतो तो मागचा खोलगट उतार आणि हात टेकतो तो पुढचा उतार, एवढ्यासाठी. १९५४ साली आलेल्या स्ट्रॅटोकास्टर या गाजलेल्या इलेक्ट्रिक गिटारवर हे दोन्ही उतार आहेत. त्या काळात ते हातानेच घासून काढत, म्हणून पन्नाशीच्या दशकातल्या दोन गिटारींचे उतार शेजारी ठेवले तर तंतोतंत जुळत नाहीत. त्या गिटारी भिंतीवर टांगायच्या म्हणून केल्या होत्या असं आपलं म्हणणं असेल, तर मी पुढे बोलत नाही.

उतार कसा काढला तेही सांगतो, कारण ‘खरवडून’ असं लिहिणाऱ्याने तो परिच्छेद गाळला असावा. पाठीवर एक वक्र रेघ आणि कडेवर दुसरी, या दोन मर्यादा. त्यांच्यामध्ये करवतीचे जवळजवळ काप घ्यायचे, प्रत्येक काप या दोन रेघांना टेकून थांबला पाहिजे. मधल्या पाकळ्या पटाशीने उडवायच्या. मग रासप, तिरका धरून, रेषेच्या उताराने. त्यानंतर सगळ्या पृष्ठभागावर पेन्सिलने गिरगटायचं आणि पुन्हा घासायचं. खड्ड्यात पेन्सिल राहते, उंचवट्यावरची जाते. शेवटी खोलीतले दिवे घालवून एकच दिवा लाकडाच्या पातळीशी आडवा धरायचा. डोळ्याला न दिसणारी पोचसुद्धा त्या उजेडात सावली टाकते. मागच्या खाचेजवळ किती लाकूड उरलं ते कॅलिपरने पाहत राहायचं. सीएनसीवर गोल टोकाच्या बिटाने उतार काढला तरी त्यावर बारीक सऱ्या उरतात आणि त्या कुणीतरी हातानेच घासतं, हे जाणकारांना मी काय सांगावं!

आता थोडं स्वतःबद्दल, नाइलाजाने. माझे वडील फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. बिडाच्या ओतकामासाठी आधी लाकडाचा पॅटर्न, म्हणजे नमुना, करावा लागतो आणि बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून त्यांच्या पट्टीवरच्या खुणाच तेवढ्या ताणलेल्या असायच्या. पंपाच्या कवचाचा तो गोगलगायीसारखा आतून रुंदावत जाणारा मार्ग ते गोल पटाशी आणि रासपने काढत. वर पत्र्याचा गेज लावून उजेड दिसतो का ते बघत. उजेड दिसला की पुन्हा घासायला बसत. शाळेच्या सुट्ट्यांमध्ये मी त्यांचा भुसा झाडला आणि हत्यारांना धार लावली. त्यांच्या पॅटर्नवरून ओतलेले पंप पाणी उपसत होते. त्या कामाला अंदाजपंचे म्हणायची त्यांच्या साहेबांचीही हिंमत नव्हती, आणि आपण दोन ओळींत म्हणून मोकळे झालात.

घरी वाद्य होत नाही म्हणता? १९६३ साली ब्रायन मे या शाळकरी मुलाने वडिलांच्या मदतीने घरी गिटार करायला घेतली. नेक एका जुन्या फायरप्लेसच्या लाकडातून हाताने कोरलेला, ट्रेमोलोला (तारा सैल-ताठ करून सूर हलवायच्या दांड्याला) मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा. तीच गिटार तो पुढे क्वीन या रॉक बँडमध्ये वाजवत आला. मी स्वतःची त्याच्याशी तुलना करत नाही, हे लिहून ठेवतो, नाहीतर पुढची प्रतिक्रिया त्यावरच यायची.

सागवानाचं थोडक्यात. तेलकट आहेच. म्हणून सांध्याच्या कडांवर ताजा रंधा मारायचा, लगेच ॲसिटोनने पुसायचं आणि वेळ न घालवता सरस लावून क्लॅम्प आवळायचे. जडही आहे. ४५ मिलिमीटर जाडीच्या बॉडीत साधारण चार लिटर लाकूड धरलं तर सागवानाची अडीच किलोच्या वर जाते, आल्डर या हलक्या लाकडाची दोनच्या आत राहते. खांदा माझा आहे.

फटीबद्दल: पॉलिशचा थर खाचेच्या भिंतींवरही चढतो, त्याला जागा सोडावी लागते. पॉलिशनंतरच्या फोटोतही ती दिसते असं आपण म्हणाल. स्क्रू आवळल्यावर नेक हलत नाही, विषय संपला.

धुळीचं मात्र मान्य. लाकडाची बारीक धूळ फुप्फुसाला वाईट, सागाच्या धुळीने कित्येकांच्या अंगाला खाज सुटते, आणि राऊटरजवळ मास्क, चष्मा आणि कानांना संरक्षण हवंच. मी हे सगळं वापरतो, लिहिलं नव्हतं. आज लेखात तशी ओळ घातली आहे. चांगली सूचना चांगल्या शब्दांत करता आली असती, एवढंच.

ज्यांनी टेम्प्लेटचा नकाशा मागितला होता त्यांना तो या आठवड्यात पाठवतो. छापताना ‘पानावर मावेल असं’ हा पर्याय बंद ठेवा आणि मध्यरेषेवरची १०० मिलिमीटरची खूण पोलादी पट्टीने मोजून घ्या. प्रिंटर गुपचूप दोन-तीन टक्के खातो आणि मग खाच ब्रिजपासून सरकते. जाणकारसाहेब, आपल्यालाही नकाशा हवा असेल तर कळवा. सीएनसीलाही चालेल.