भोंगा सातला नको, पाचला वाजवा

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 मध्ये एक प्रयोग केला. रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवायचा आणि पुढचा दीड तास घरोघरी टीव्ही व मोबाइल बंद ठेवायचे. कोकणात गुहागर तालुक्यातील आमच्या गावातही तसाच भोंगा बसवावा, अशी चर्चा सुरू असल्याचे धाकट्या भावाने फोनवर सांगितले आणि तुमच्याकडे नेदरलँड्समध्ये काय करतात, असेही विचारले.

नेदरलँड्समध्येही माध्यमिक शाळांच्या वर्गांतून मोबाइल जानेवारी 2024 पासून हद्दपार झाला आहे, तेव्हा इथली मुले जात्याच शहाणी आहेत, असे मुळीच नाही. फरक आहे तो शाळेच्या वाटेचा. इथली बहुसंख्य मुले सायकलने किंवा पायी शाळेत जातात. परंतु 1971 या एका वर्षात याच देशात 400 हून अधिक मुले रस्ते अपघातांत दगावली होती. त्यानंतर पालकांनी आंदोलन उभारले, तेव्हा कुठे सायकलींसाठी वेगळे मार्ग आणि वस्तीत वाहनांच्या वेगाला लगाम, या गोष्टी हळूहळू घडत गेल्या.

आमच्या पिढीची मुले पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतरून, कातळाचा सडा तुडवत शाळेत जात असत आणि त्याला व्यायाम म्हणावे, असे कोणाच्या मनातही आले नाही. आता वाडीतल्या शाळेचा पट रोडावला आहे, तालुक्याच्या इंग्रजी शाळेची व्हॅन दारात येते, आणि रस्ता रुंद होऊन वाहने भरधाव जाऊ लागल्यामुळे कोणतीही आई मुलाला त्याच्या कडेने एकटे धाडणार नाही. व्हॅनमधून उतरलेले मूल शिकवणीला जाते, तिथून परतेपर्यंत अंधारते, आणि मग भोंगा वाजला की ते पुस्तक घेऊन बसणार. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी 60 मिनिटे तरी दमछाक होईल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ती या दिनक्रमात कोठे बसते? मोबाइल सुटला तरी बैठक सुटत नाही.

पावसाची अडचण मात्र खरी आहे. इथली पिरपिर रेनकोटने भागते. कोकणात चार महिन्यांत 3000 मिलिमीटर कोसळतो, त्यात सायकल चालवा, हे सांगणे शुद्ध आगाऊपणा ठरेल. पण गणपतीआधी जाखडी नाचाच्या तालमी होतात, तेव्हा मुले घामाघूम होतातच. देवळाचा सभामंडप लेझीम आणि लंगडीसाठी जूनपासून खुला करायला काय हरकत आहे?

पोहण्याचेही तसेच. गावोगावी कालवे असल्यामुळे इथली मुले लहानपणीच पोहायला शिकतात आणि पहिल्या प्रमाणपत्रासाठी त्यांना अंगावरच्या कपड्यांनिशी पोहून दाखवावे लागते. आम्ही समुद्रकाठचे लोक मुलांना पाण्याकडे फिरकू नकोस, एवढेच बजावतो.

भोंग्याला माझा विरोध नाही. तो संध्याकाळी पाचला वाजवावा आणि सातपर्यंत गावात शिकवण्या बंद ठेवाव्यात, एवढे भावाला कळवले आहे. शिकवणीचे सर त्याला राजी होतील. पालकांचे सांगता येत नाही.