अनुभवाचे क्रेडिट मोजणार कोण?

महाराष्ट्रात २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातल्या नव्या पदवी शिक्षणावर गेली दोन-तीन वर्षं जो वाद चालू आहे, तो मी इथे न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीत बसून नेमाने वाचते. मेजर-मायनरचा, म्हणजे मुख्य आणि जोड विषयांचा गोंधळ, तीन वर्षांची पदवी की चार, वर्षभरात सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडलेलं पोर परत कॉलेजची पायरी चढेल का, प्राध्यापकांच्या तासिका उरतील का. प्रश्न सगळे खरे आहेत. सांगलीतले माझ्या ओळखीचे एक प्राध्यापक म्हणतात, "विषय निवडा म्हणून मुलांना सांगतो, पण तो शिकवायला माणूस कुठाय?" त्यांच्या बोलण्यात तक्रारखोरपणा नाही, रोजचा अनुभव आहे. पण या सगळ्या वादात विद्यार्थी म्हणजे नुकती बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी, हे सगळ्यांनी धरूनच चाललंय. नोकरी आणि संसार सांभाळून शिकू पाहणारी पस्तिशी-चाळिशीतली बाई त्यात नाही. मधे थांबून, परत येऊन, आपल्या सोयीने करता येणाऱ्या लवचिक पदवीची सगळ्यात जास्त गरज कुणाला असेल, तर ती तिला आहे.

माझी धाकटी मावसबहीण तासगाव तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. दहा-बारा वर्षं झाली असतील. दर महिन्याला मुलांची वजनं-उंच्या घ्यायच्या, पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर भरायच्या, दंडघेर मोजायचा, गरोदर आणि स्तनदा बायकांच्या घरी जायचं, लसीकरणाच्या दिवशी पोरांना गोळा करून आणायचं. दंडाची पट्टी साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेली, म्हणजे मूल तीव्र कुपोषित निघालं, की पुढे काय करायचं, मुलाला आरोग्य केंद्रात न्यायला सासू आडवी आली तर तिच्याशी कसं बोलायचं, हे ती झोपेतही सांगेल. पर्यवेक्षिकेच्या जागेसाठी पदवी लागते, म्हणून ती आता बाहेरून बी.ए. करते आहे. अंगणवाडी सुटल्यावर, स्वयंपाक आवरून, रात्री साडेदहाला पुस्तक उघडते. मागे फोनवर म्हणाली, "ताई, पोरांचं वजन का भरत नाही ते मला विचार, रात्रभर सांगेन. पण त्याचा पेपरच नाही."

त्याचा पेपर नाही हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, कारण माझ्या शेजारणीने नेमका त्याचाच पेपर दिला.

शेजारीण मूळची गयानाची. स्केनेक्टडीत गयानाहून आलेली भारतीय वंशाची पुष्कळ कुटुंबं आहेत. हिचे पणजोबा बिहारकडून तिकडे उसाच्या मळ्यावर गेलेले. राज्याचा परवाना काढून ती घरातच पाळणाघर चालवत होती. पन्नाशीला टेकल्यावर तिने पदवी घ्यायचं ठरवलं आणि इथून अर्ध्या तासावर, सॅराटोगा स्प्रिंग्जला मुख्यालय असलेल्या एम्पायर स्टेट कॉलेजात नाव घातलं. हे कॉलेज न्यूयॉर्कच्या सरकारी विद्यापीठ व्यवस्थेचा भाग आहे. १९७१ साली अर्नेस्ट बॉयर त्या व्यवस्थेचे कुलपती असताना ते स्थापन झालं, तेच मुळी प्रौढ विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून. नेहमीच्या कॉलेजसारखं एका जागी वसलेलं मोठं आवार नाही, राज्यभर छोटी छोटी केंद्रं. २०२३ पासून ते एम्पायर स्टेट युनिव्हर्सिटी म्हणून ओळखलं जातं.

तिथे प्रवेश घेतला की विषयांची छापील यादी हातात पडत नाही. मेंटर म्हणून एक प्राध्यापक नेमून दिला जातो, आणि विद्यार्थ्याने त्याच्यासोबत बसून स्वतःच्या पदवीचा आराखडा तयार करायचा असतो. साधारण १२० क्रेडिटची पदवी; क्रेडिट म्हणजे किती शिकलं ते मोजायचं एकक. त्यात आधी कुठे शिकलेलं किती धरायचं, कामातून आलेलं ज्ञान किती, आणि नव्याने काय शिकायचं, हे सगळं त्यात मांडायचं. आराखडा करणं हाच एक अभ्यासक्रम आहे आणि त्याचेही क्रेडिट मिळतात. हे मला फार मोलाचं वाटतं. आपल्याला काय येतं आणि काय येत नाही, हे शोधून लिहून काढणं हे काम आहे, आणि ते तिथे काम म्हणूनच धरलं जातं. हेच विषय का घेतले, याचा निबंध आराखड्याला जोडायचा. मग तो प्राध्यापकांच्या समितीपुढे जातो. समितीला पटलं नाही तर परत येतो. शेजारणीचाही परत आला होता: बालसंगोपनावर भर ठीक आहे, पण संख्याशास्त्र कुठे आहे, असं विचारून.

कामातून आलेलं ज्ञान मोजण्याची पद्धत तर मी तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर जवळून पाहिली. पाळणाघर चालवलं म्हणून तिथे काही मिळत नाही. त्यातून काय कळलं, ते लिहावं लागतं. नवीन आलेलं दोन वर्षांचं मूल पहिल्या आठवड्यात रडून आकांत करतं, त्याला ती कशी रुळवते, यावर तिने लिहायला घेतलं. पहिला मसुदा म्हणजे नुसत्या आठवणी होत्या. मेंटरने विचारलं, सगळ्या मुलांना एकच पद्धत लागू पडली का? नाही पडली तेव्हा काय बदललं? बदलायचं हे कशावरून ठरवलं? तिने पुन्हा लिहिलं. मग बालविकास शिकवणाऱ्या एका परीक्षक बाईंनी तिच्याशी तासभर बोलून घेतलं. मूल बोलायला उशीर करतंय असं वाटलं तर आईवडिलांना केव्हा आणि कोणत्या शब्दांत सांगाल, घरी दोन भाषा बोलणाऱ्या मुलाच्या बाबतीत हा अंदाज चुकू शकतो का, असे प्रश्न. काही विषयांत तिला क्रेडिट मिळाले, एका विषयात मिळाले नाहीत. हिशेब ठेवता येणं म्हणजे लेखाशास्त्र येणं नव्हे, असं स्पष्ट सांगून त्यांनी तिला तो विषय शिकायला लावला. तिला वाईट वाटलं, पण मिळालेल्या क्रेडिटवर तिचा विश्वास बसला तो त्या नकारामुळेच, हे तिने मला नंतर सांगितलं.

आपल्याकडे अशा पदवीचं नाव काढलं की पहिला आक्षेप येतो तो दर्जाचा. ज्याने त्याने आपापली पदवी ठरवायची म्हणजे पदवी वाटत सुटायचं, असं लोक म्हणतात. भीती निराधार नाही. घरबसल्या पदवी म्हणून जाहिराती करणारे, पैसे घेऊन कागद हातात ठेवणारे आपण पाहिले आहेत, आणि ते अमेरिकेतही आहेत. पण मी पाहिलेली पद्धत नेहमीच्या पदवीपेक्षा कडक होती. गाईड पाठ करून निघण्याची सोय तिथे नाही. प्रश्न तुमच्या कामावरचे असतात आणि समोरचा माणूस तुम्ही काय लिहिलंय ते वाचून आलेला असतो.

न्यूयॉर्क शहरातल्या विजेच्या कामगारांच्या एका मोठ्या संघटनेत, लोकल थ्रीमध्ये, शिकाऊ उमेदवारांना वायरिंगच्या प्रशिक्षणाबरोबर एम्पायर स्टेटमध्येच कामगार-अभ्यास हा विषय घेऊन दोन वर्षांची पदवी करावी लागते. कामगार चळवळीचा इतिहास, अर्थशास्त्र, लेखन. आपल्या आयटीआयमधल्या मुलाला असं काही शिकावंसं वाटलं तर आज तो कुठे जाईल?

इथलं सगळं गोमटं आहे असं मात्र मी म्हणणार नाही. कॉलेजात जाऊन पदवी न घेता बाहेर पडलेले, ६५ वर्षांखालचे जवळजवळ पावणेचार कोटी लोक या देशात आहेत. राज्यातल्या रहिवाशालाही एक क्रेडिट तीनशे डॉलरच्या आसपास पडतं. पूर्ण पदवीचे पस्तीस हजार डॉलर होतात. आधीच्या शिक्षणाचे आणि अनुभवाचे क्रेडिट मिळाले तर खर्च खूप उतरतो, पण पदवीचा पाव भाग तरी त्याच संस्थेत शिकावा लागतो. २०१७ साली या राज्याने सरकारी कॉलेजांतलं शिक्षण मध्यमवर्गापर्यंत मोफत केल्याची मोठी घोषणा केली. त्या शिष्यवृत्तीची अट काय, तर वर्षाला ३० क्रेडिट पूर्ण केलेच पाहिजेत. पाळणाघर चालवून वर्षाला बारा क्रेडिट करणारी बाई त्यात बसतच नाही. ज्या राज्याने प्रौढांसाठी असं कॉलेज काढलं, त्याच राज्याने पैशाच्या वेळी त्यांना दाराबाहेर ठेवलं, याचा मला आजही राग येतो. राज्याची दुसरी एक जुनी मदत योजना अर्धवेळ विद्यार्थ्यांना नीट मिळू लागली ती २०२२ मध्ये. शिवाय अलीकडे या संस्थेतही तयार आराखड्याचे अभ्यासक्रम वाढत चालले आहेत, कारण प्रत्येकासोबत बसून पदवी आखायला प्राध्यापकाचा वेळ लागतो आणि वेळेला पगार लागतो.

माझं म्हणणं याच जागी आहे. लवचिक पदवीचा खर्च पोर्टलवर होत नाही, माणसांवर होतो. भारतात नियम आता बरेच झाले आहेत. २०२० च्या धोरणात मधे थांबून परत येण्याची मुभा आहे. २०२१ पासून क्रेडिट साठवण्याची बँक आहे. एकाच वेळी दोन पदव्या करायलाही २०२२ मध्ये परवानगी मिळाली. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात तर कामाच्या अनुभवालाही क्रेडिट देण्याची तरतूद आहे. वर्षाला १२०० तास म्हणजे ४० क्रेडिट, आणि अनुभव चार वर्षांहून जास्त असेल तर मिळालेल्या क्रेडिटचं वजन दुपटीपर्यंत. कागदावर हे आमच्या न्यूयॉर्कच्या पुढे आहे.

पण वर्षं मोजून अनुभव कळत नाही. माझ्या बहिणीची दहा वर्षं आणि तिच्या शेजारच्या गावातल्या, वर्षानुवर्षं तोच तक्ता उतरवून काढणाऱ्या सेविकेची दहा वर्षं गुणाकारात सारखीच भरतील. फरक कळण्यासाठी कुणीतरी दोघींसमोर बसून विचारायला हवं, की गेल्या पावसाळ्यात तुमच्या वस्तीत किती मुलं पोषणाच्या खालच्या श्रेणीत गेली, का गेली असं तुम्हाला वाटतं, आणि तुम्ही काय केलंत. तो विचारणारा माणूस कोण, त्याला वेळ कोण देणार, त्याचा पगार कुठून निघणार, यावर मी वाचलेल्या एकाही चर्चेत अवाक्षर नव्हतं. सगळी चर्चा क्रेडिट बँकेचा आयडी काढला का आणि क्रेडिट जमा झाले का, इथवर येऊन थांबते.

महाराष्ट्राला हे जमणार नाही असं कुणी म्हणालं तर मी ते मानणार नाही. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी शेतकरी आणि कामकरी माणसांसाठी १८५५ मध्ये रात्रशाळा काढली. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उभं केलं, तेव्हा सकाळचे वर्ग ठेवले, म्हणजे दिवसा नोकरी करणाऱ्याला शिकता यावं. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ झालं, राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू, ब्रीदवाक्य 'ज्ञानगंगा घरोघरी'. ज्यांची शाळा अर्ध्यात सुटली त्यांच्यासाठी पूर्वतयारीची वाट तिथे आहे, शेती शिकणाऱ्यांसाठी वेगळे अभ्यासक्रम आहेत, तालुक्या-तालुक्यात अभ्यासकेंद्रं आहेत. आणि फी इतकी की इथे ती सांगितली तर कुणाचा विश्वास बसत नाही. या बाबतीत अमेरिकेने आपल्याकडून शिकावं. शेजारणीने पदवीसाठी जे कर्ज घेतलं, ते ती साठी उलटल्यावरही फेडत असेल.

आपल्याकडे कमी पडतो तो संपर्कसत्रापुढचा, म्हणजे मुक्त विद्यापीठाच्या सुट्टीच्या दिवशीच्या वर्गापुढचा माणूस. रविवारच्या सत्रात पन्नास जणांना धडा समजावून सांगणारे समंत्रक, म्हणजे मार्गदर्शक शिक्षक आहेत. एका विद्यार्थ्याची पदवी त्याच्याशी बोलून आखून देणारं कुणी नाही. ही जागा निर्माण करावी लागेल, आणि मानधनावर रविवारपुरती नव्हे, पगारी. सेट-नेट, पीएचडी होऊन तासिका तत्त्वावर दिवस काढणारे कितीतरी तरुण प्राध्यापक महाराष्ट्रात आहेत. सांगलीतले ते प्राध्यापक शिकवायला माणूस नाही म्हणतात आणि त्यांच्याच गल्लीत पीएचडी झालेला मुलगा तासिकेच्या पैशांची वाट बघतोय.

सुरुवात अंगणवाडी सेविकांपासून करावी असं मला वाटतं. राज्यात त्यांची संख्या मोठी आहे, काम सगळीकडे सारखं आहे आणि नोंदी आधीच ठेवलेल्या आहेत, त्यामुळे पडताळणी सोपी. पोषण, बालविकास, सामाजिक कार्य, समाजाशी संवाद, एवढ्या चार विषयांत अनुभवाचं मूल्यमापन करावं. गृहविज्ञान किंवा समाजकार्य शिकवणाऱ्या प्राध्यापिकेने तालुक्याच्या गावी येऊन मुलाखत घ्यावी, मराठीतच, आणि नापास करायचं तिथे नापासही करावं. उरलेल्या विषयांत मात्र सूट नको. माझ्या बहिणीला राज्यशास्त्र शिकावं लागलं तर लागू दे, ग्रामपंचायतीत ठराव कसा मांडायचा हे तिला हवंच आहे. आणि मुलाखतीला यायचा तो दिवस हजेरीपटावर कामाचा दिवस म्हणून लागला पाहिजे, नाहीतर त्या दिवसाचं मानधन कापलं जाईल या भीतीने निम्म्या बायका येणारच नाहीत.