‘फी घेतात, मग देणगी कशाला?’

दत्तक संस्थांविषयीचा एक मेसेज पुन्हा फिरतोय: ‘या संस्था पालकांकडून फी घेतात, म्हणजे मूल विकतातच. वर देणगीही मागतात. जोडपी वर्षानुवर्षं रांगेत आणि मुलं संस्थेत अडकून. द्यायचंच तर मुलांना खेळणी द्या, संस्थेला छदामही नको.’ पाठवणाऱ्यांची तळमळ खरी असेल. माहिती अर्धीच आहे.

आधी ‘विकतात’. मुलांचा व्यापार झालेला आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. एका देशातलं मूल दुसऱ्या देशात दत्तक देण्याविषयीच्या १९९३ च्या हेग या आंतरराष्ट्रीय करारात त्यालाच आळा घातला आहे. मान्यताप्राप्त संस्थेचा हेतू नफ्याचा नसावा, प्रत्यक्ष खर्च आणि वाजवी मानधन यापलीकडे पैसे घेऊ नयेत, आईची संमती बाळाच्या जन्मानंतरचीच असावी आणि ती पैसे देऊन मिळवलेली नसावी, असं तो सांगतो. शंका असेल तर संस्थेकडे खर्चाचा तपशील मागा. मुलाच्या रंगावरून फी कमीजास्त होत असेल, तर तिथून सरळ उठून या. पण फी म्हणजेच विक्री असेल, तर बाळंतपणाचं बिल लावणारं इस्पितळही मूल विकतं म्हणावं लागेल.

मग देणगी कशाला? खरी मेख इथे आहे. फी भरतात दत्तक घेणारे, आणि संस्थेचं कितीतरी काम दत्तक होतच नाही तिथलं असतं. दिवस राहिलेली, भेदरलेली मुलगी येते. समुपदेशक तिच्याशी आठवडेच्या आठवडे बोलते. शेवटी ती बाळ स्वतःच वाढवायचं ठरवते. छान झालं! पण या कामाची फी कोण देणार? नुसत्या फीवर जगणाऱ्या संस्थेने तिला ‘घाई करू नकोस, नीट विचार कर’ म्हणणं म्हणजे स्वतःच्याच पोटावर पाय. देणगी असली की हे बिनधास्त म्हणता येतं. पुढे पंचवीस वर्षांनी कुणी मोठा झालेला मुलगा ‘मी कुणाचा?’ विचारत दारात येतो. तोवर त्याची फाइल जपलेली हवी, आणि ती उघडताना शेजारी बसणारं माणूसही. त्याचंही बिल निघत नाही.

रांगेचं म्हणाल, तर तिथल्या अनेकांना तान्हं, निरोगी बाळ हवं असतं. थांबलेली मुलं बरेचदा मोठी, भावंडांसह आलेली किंवा आजारी असतात. शिवाय संस्थेतलं प्रत्येक मूल अनाथ नसतं. अनेकांचे आई किंवा वडील हयात असतात, आणि कायद्याने ती दत्तकासाठी मोकळी नसतात. दिरंगाई होते, चीड आणते, हे मान्य. पण प्रत्येक थांबा म्हणजे अडवणूक नव्हे.

राहिली खेळणी. रोमानियात बुखारेस्टमधल्या अनाथालयांतल्या १३६ बालकांचा एक दीर्घ अभ्यास झाला. त्यांतली निम्मी, कुठलीही निवड न करता, परक्या मुलाचा घरी सांभाळ करणाऱ्या कुटुंबांकडे सोपवली गेली. त्यांची बौद्धिक वाढ अनाथालयातच राहिलेल्यांपेक्षा सरस ठरली, विशेषतः दोन वर्षांची होण्याआधी गेलेल्यांची. तान्ह्याला रोज तोच चेहरा, तोच हात लागतो. कुटुंब मिळेपर्यंत ते काम संस्थेतल्या सेविकेचं, आणि टेडी बेअरच्या खोक्यांतून तिचा पगार निघत नाही.