नुस्तें हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे

चवथीच्या तिसऱ्या रात्री गोव्यातल्या फोंड्याच्या आमच्या घरी वीज गेली. आरत्या आटोपल्या होत्या, गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली दोन समया तेवत होत्या. मुलांनी खेळ काढला: थोरामोठ्यांची वाक्यं घ्यायची आणि फिरवायची. पुतण्याने पहिल्याच डावात बाजी मारली. "नुस्तें हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे आणि विसर्जन झाल्यावर तो मी मिळवणारच!" नुस्तें म्हणजे मासे; तीन दिवस शाकाहारी खतखतं आणि गोड नेवऱ्यांवर काढलेलं सगळं घर पोट धरून हसलं.

मग बारा वर्षांची भाची बाहेरच्या सरींकडे बोट दाखवून म्हणाली, "पावसाचे डोके ठिकाणावर आहे काय?"

"मूळ वाक्य कुणाचं गं?" मी विचारलं. तिला ठाऊक नव्हतं. मोबाइलवर असंच काहीतरी वाचलं होतं म्हणे.

अशा गमतीला थोरांची विटंबना म्हणणाऱ्यांशी माझं अजिबात जमत नाही. नुस्त्यांचं वाक्य टिळकांचं म्हणून कुणी खपवणार नाही. मला चीड येते ती टिळकांच्या फोटोखाली भलत्याच कुणाचं गोडगोड वाक्य छापून सकाळी सकाळी पाठवणाऱ्यांची. ती फसवणूक आहे. गंमत प्रामाणिक असते, फक्त मूळ वाक्य घरात नांदतं हवं.

म्हणून मी भाचीला सांगितलं. 1897 साल, पुण्यात प्लेग, रँडचा खून आणि त्यानंतर सरकारने चालवलेली दडपशाही. तेव्हा 'केसरी'त टिळकांनी मथळाच दिला, 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' त्याच वर्षी त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला, 18 महिन्यांची शिक्षा झाली.

"एवढ्या वाक्यासाठी?" ती म्हणाली.

"खटला दुसऱ्या मजकुरावर होता. पण सरकारला असं विचारायची छाती त्या काळात किती जणांना होती?"

आतापर्यंत गप्प बसलेले बाबा बोलायला लागले. 1955 साली थोरल्या आत्याचं लग्न ठरलं तेव्हा ते दहा वर्षांचे होते. पोर्तुगीज अमदानी, पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याची सेन्सॉरशिप. लग्नाची पत्रिकासुद्धा सरकारी परवानगीशिवाय छापता येत नव्हती. आजोबा मजकूर घेऊन गेले आणि परवानगी मिळेपर्यंत घरात सगळ्यांच्या जिवाला घोर. हे मी स्वतः पहिल्यांदाच ऐकत होतो.

भाची समईची वात पुढे सारत बराच वेळ विचार करत होती. मग एकदम वर बघून म्हणाली, "आजोबा, माझा डाव बदलते. पत्रिका तपासणाऱ्यांचे डोके ठिकाणावर होते काय?"

बाबांनी तिला जवळ ओढून घेतलं.