चकलीचे नव्हे, उसने परत

दिवाळीआधीचे पंधरा दिवस तुमच्या घरात भाजणीचा वास असतो आणि तुमच्या मोबाइलवर टिंग टिंग. 320 रुपये. 640 रुपये. पुन्हा 320. चकली 640 रुपये किलो, अर्धा किलोपासून पुढे, सोसायटीच्या ग्रुपवर ऑर्डर नोंदवावी. इथवर सगळं छान चाललेलं असतं. मग तिसऱ्या मजल्यावरचे काका पैसे पाठवताना खालच्या रकान्यात प्रेमाने लिहितात: 'चकली 1 किलो'.

हा माणूस तुमचा वैरी आहे, हे आधी ओळखा. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये, म्हणजे आयकरवाल्यांच्या नजरेसमोर, 'चकली' हा शब्द कायमचा छापून बसला. तेव्हा ग्रुपवर आजच सूचना टाका: पैसे पाठवताना 'उसने परत' असंच लिहावं. म्हणजे वर्षअखेरीस कागदोपत्री चित्र असं दिसेल की तुम्ही 58 शेजाऱ्यांना हातउसने पैसे दिलेत, आणि त्या सगळ्यांनी ते ऐन दिवाळीत, 320 च्या पटीत, न मागता परत केलेत. उसने पैसे इतक्या शिस्तीत परत आल्याचं उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासात नाही, पण आयकर अधिकाऱ्याला इतिहासाची आवड असेलच असं नाही. सावकारीला परवाना लागतो आणि त्यासाठी 2014 चा कायदा आहे, असं कुणी म्हणालंच, तर बिनव्याजी दिले होते म्हणा.

दुसरं म्हणजे, 'उत्पन्न' हा शब्द घरातून हद्दपार करा. उत्पन्न म्हणजे पगार. बाकीचं सगळं म्हणजे हातखर्च, छंद, 'अगं, चार पैसे सुटतात एवढंच'. व्याख्यानाला गेलात, तर ते मानधन. या शब्दाची फोड नीट करा: कर धनावर लागतो, तुम्हाला मिळाला तो मान. शाल आहे, श्रीफळ आहे, पाकिटावर रुपयाचं नाणं चिकटवलंय. अशा मंगल प्रसंगी आयकराचं नाव काढणं शोभत नाही.

यात एक धोका आहे, तो माझ्या अनुभवाचा. एका संस्थेने मला 1,500 रुपये मानधन कबूल केलं आणि हातात 1,350 ठेवले. दीडशे रुपये टीडीएस, म्हणजे देतानाच कापलेला कर. वास्तविक वर्षाला 50,000 च्या आतल्या मानधनावर कापायची गरज नसते, पण हिशेबनीस कर्तव्यदक्ष होते. ते दीडशे रुपये माझ्या 26एएसमध्ये, म्हणजे कापलेल्या कराच्या सरकारी पत्रकात, असे झळकले की जणू मी भाषणांवरच जगतो. आता ते परत मिळवायचे तर आधी दीड हजार कबूल करा. इतका महाग मान मला पुन्हा मिळालेला नाही.

वरकमाईची गोष्ट वेगळी. पूर्वी लग्नाच्या बैठकीत 'पगार किती' विचारून झालं की आवाज थोडा खाली आणून 'आणि वरचं?' असं विचारत, आणि मुलाचे काका छाती फुगवून आकडा सांगत. कायद्याने लाचेच्या पैशावरही कर लागतो. पण त्याचं विवरणपत्र कुणी भरल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. कसंनुसं होतं ते फक्त चकलीवाल्यांना.

तरीही तुम्हाला प्रामाणिकपणाची उबळ आलीच, तर विवरणपत्राच्या अर्जांकडे बघा, ती आपोआप शमेल. पगारदाराचा साधा अर्ज आयटीआर-1, त्याचं सरकारी नाव 'सहज'. तुम्ही आयुष्यात काही उद्योग केला नाहीत, तोवर सगळं सहज आहे. चकली विकलीत की धंदा झाला, मग आयटीआर-4, नाव 'सुगम'. त्याच वर्षी हौसेने घेतलेले तीन शेअर महिनाभरात विकून 210 रुपये नफा कमावला असलात, तर सुगमही गेलं, थेट आयटीआर-3. त्याला सरकारने नाव ठेवलेलं नाही. नावं ठेवायचं काम जनतेवर सोपवलंय.

एआयएस नावाचं आयकर खात्याचं पत्रक तर आवर्जून उघडा. 2021 च्या नोव्हेंबरपासून सुरू झालंय. बचत खात्याचं व्याज, 18 रुपयांचा लाभांश, तुम्ही विसरलेलं सगळं तिथे असतं. 'ही माहिती दुसऱ्या पॅनची आहे' असं कळवायची सोयही आहे. ती बघून मोह होतो. आवरा.

आता हिशेब करू, फार वेळ लागणार नाही. दिवाळीत 62 किलो चकल्या गेल्या, म्हणजे साधारण 40,000 रुपये. छोट्या धंद्यासाठी ठोकताळ्याची सोय आहे: पैसे यूपीआयने आले असतील तर विक्रीच्या किमान 6 टक्के नफा धरायचा. तेलाचा भाव बघता प्रत्यक्षातही त्याहून जास्त सुटत नाही. म्हणजे नफा 2,400. तुम्ही 20 टक्क्यांच्या टप्प्यात असाल, तर कर 480, वर 4 टक्के उपकर. एकूण 499 रुपये. मोबाइलच्या रिचार्जसारखा आकडा. एवढ्यासाठी 58 माणसांना खोटं लिहायला लावायचं, म्हणजे माणशी साडेआठ रुपये पडतात.

पण प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे, असं ठणकावून सांगा. उद्योगपती विजय मल्ल्या 2016 च्या मार्चमध्ये देश सोडून गेले, आधी त्यांना आणा, मग माझ्या चकलीला हात लावा. ते प्रकरण बँकांच्या कर्जाचं होतं, असा बारकावा कुणी काढला तर विषय खड्ड्यांवर न्या. आणि बंगळुरूचा दाखला हाताशी असू द्या: 2025 च्या जुलैत तिथल्या छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या जमेवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि क्यूआर कोड भराभर उतरले. जीएसटी नोंदणीची मर्यादा 40 लाखांच्या विक्रीची आहे आणि तुमची विक्री 40 हजारांची. आकडा 40 च आहे, घाबरायला तेवढं पुरे.

एवढं करूनही तुम्ही सीएकडे गेलात, तर तो एक भलताच प्रश्न विचारेल. "चकल्या करतं कोण?"

"बायको."

"पीठ कोण मळतं, तळतं कोण?"

"तीच. मी पिशव्यांना स्टेपलर मारतो."

"वहिनींना दुसरं उत्पन्न?"

"छे."

"मग क्यूआर कोड तुमच्या नावाचा का? कमाई त्यांची, खातं त्यांचं असू द्या. नव्या करप्रणालीत 4 लाखांपर्यंत कर शून्य. उसने-बिसने काही लागत नाही."

हा सल्ला अजिबात मानू नका. वरवर कायदेशीर दिसतो, पण परिणाम भयंकर आहेत. टिंग टिंग तिच्या फोनवर होईल. तेल, गॅस, भाजणी वजा जाता किती उरले, हे तिला आकड्यात कळेल. पुढच्या दिवाळीत 'यंदा 30 किलोच घेते, हात दुखतात' असं ती म्हणू शकेल, आणि स्टेपलरचे दर ठरवायला तुम्हाला तिच्यासमोर बसावं लागेल. त्यापेक्षा 499 रुपये चुकवणं कितीतरी सोपं.

तेव्हा ग्रुपवरची सूचना पुन्हा एकदा टाका, मोठ्या अक्षरांत. मी टाकली होती. काकांनी लगेच मानली. रात्री 640 रुपये आले, खालच्या रकान्यात लिहिलं होतं: 'उसने परत. मस्त खुसखुशीत होते.'